नामदेवांची दोन घरे

दिवाळीच्या पणत्या विझतात, फराळाचे डबे तळाला जातात आणि मग कार्तिक शुद्ध एकादशी येते. पंढरपुरी कार्तिकीची यात्रा भरते. तिच्यामागून चारच दिवसांनी पौर्णिमा येते आणि आमच्या कोल्हापुरात पंचगंगेचा घाट त्रिपुरीच्या दिव्यांनी उजळून निघतो. यांतली एकादशी ही संत नामदेवांची जन्मतिथी होय, आणि पौर्णिमेला देशभरचे शीख बांधव गुरू नानकदेवांची जयंती साजरी करतात. परंपरेप्रमाणे नामदेवांचा जन्म १२७० सालचा. नानकदेवांचा १४६९ सालचा. इतिहासात दोघांमध्ये दोनशे वर्षांचे अंतर आहे. पंचांगात मात्र अवघ्या चार दिवसांचे.

दिवाळीचेही तसेच आहे. आपण नरकासुराची आणि बळीराजाची कथा सांगून दिवा लावतो. अमृतसरच्या हरिमंदिरातही त्याच अमावास्येला दिवे लागतात. परंतु तेथे कथा वेगळी सांगतात. सहावे गुरू हरगोविंद यांना जहांगीर बादशहाने ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत ठेवले होते. सुटकेचा हुकूम आला तेव्हा ते एकटे बाहेर पडावयास तयार होईनात, आणि शेवटी आपल्याबरोबर बावन्न राजांना सोडवूनच ते बाहेर आले, अशी शीख परंपरा आहे. म्हणून तिकडे या दिवसाला ‘बंदी छोड’ म्हणतात. दिवा एकच, त्याच्यामागची आठवण मात्र निराळी.

मग शीख धर्म आणि हिंदू धर्म हे एकच, की दोन? हा प्रश्न निघाला की आपल्याकडे फार घाईने उत्तर देण्यात येते. कोणी म्हणतो, “अहो, ते आपलेच. हिंदूंची एक लढाऊ शाखा!” दुसरा म्हणतो, “छे, त्यांचा नि आपला संबंधच काय?” दोन्ही उत्तरे सोपी आहेत, आणि सोपी आहेत म्हणूनच ती पुरी पडत नाहीत. तत्त्वज्ञानाच्या जाडजूड ग्रंथांपेक्षा अशा वेळी दोन्ही घरांत ज्याची ऊठबस आहे असा एखादा माणूस गाठावा आणि त्यालाच विचारावे, हे बरे. सुदैवाने असा माणूस आपल्या महाराष्ट्राचाच आहे. ते म्हणजे नामदेव.

नामदेव नरसीचे, म्हणजे आजच्या हिंगोली जिल्ह्यातले. बाप दामाशेटी, आई गोणाई, पत्नी राजाई, जात शिंप्याची. पंढरीच्या विठोबाचे त्यांना इतके वेड की ते त्याच्याशी घरच्या माणसाशी भांडावे तसे भांडत. ज्ञानदेवांबरोबर त्यांनी तीर्थयात्रा केली. १२९६ साली आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली आणि पुढे नामदेवांनी उत्तरेची वाट धरली. टाळ-वीणा घेऊन ते थेट पंजाबात गेले. गुरदासपूर जिल्ह्यात घुमान नावाचे गाव आहे. तेथे ते कित्येक वर्षे राहिले असे तिकडील लोक मानतात. तेथे त्यांचे स्थान आहे, माघ महिन्यात जत्रा भरते, आणि ‘बाबा नामदेव’ तेथेच निजधामाला गेले अशी त्या गावाची श्रद्धा आहे. आपली श्रद्धा सांगते की १३५० साली पंढरपुरात, विठ्ठलमंदिराच्या महाद्वारात, ते सहकुटुंब समाधिस्थ झाले. एका माणसाच्या दोन समाध्या! भांडण करावयाचे तर करता येईल. पण मला त्यात एवढेच दिसते की दोन प्रांतांनी या माणसाला आपल्या अंगणातून जाऊ द्यावयाचे नाकारले.

पंजाबचे नामदेव आणि पंढरीचे नामदेव एकच की निरनिराळे, अशीही शंका अभ्यासकांनी घेतलेली आहे, आणि नामदेव या नावाचे कवी एकाहून अधिक झाले हेही खरे आहे. परंतु पंजाबात जतन झालेल्या त्यांच्या पदांत मराठी वळणाचे शब्द अधूनमधून डोकावतात आणि खुद्द ‘बीठल’ हे नाव तेथे येते. विठ्ठलाला पंजाबापर्यंत घेऊन जाणारा माणूस पंढरीचाच असला पाहिजे, एवढे म्हणावयास हरकत नाही.

ही पदे जतन झाली ती शिखांच्या आदिग्रंथात. पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी १६०४ साली हा ग्रंथ सिद्ध केला. लेखनिक होते भाई गुरदास. नववे गुरू तेगबहादूर यांची पदे पुढे गुरू गोविंदसिंगांनी त्यात घातली. आज छापील ग्रंथाची पाने १,४३० आहेत. या पवित्र ग्रंथात केवळ शीख गुरूंचीच वाणी नाही. विणकर कबीर, चांभार रविदास, मुसलमान फकीर शेख फरीद, बंगालकडचे जयदेव अशा पंधरा भक्तांची पदे गुरूंच्या पदांच्या शेजारी मानाने बसलेली आहेत. नामदेवांची त्यांत ६१ पदे आहेत. त्यांचे स्नेही त्रिलोचन, ज्यांना परंपरा बार्शीकडचे म्हणते, त्यांची चार आहेत. आपले वारकरी ज्यांना सेना न्हावी म्हणून ओळखतात, त्यांचेही एक पद आहे. जगातल्या किती धर्मांनी आपल्या मुख्य ग्रंथात दुसऱ्या प्रांताच्या, दुसऱ्या पंथाच्या, आपल्या संस्थापकाच्याही आधी होऊन गेलेल्या माणसांना अशी जागा दिली असेल?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. नामदेवांच्या पदांतून शिखांनी काय घेतले, आणि काय दाराबाहेर ठेवले? हे पाहिले की दोन धर्म कोठे मिळतात आणि कोठे वेगळे होतात ते आपोआप कळते.

पहिली मिळणी नामाची. आपला वारकरी म्हणतो की कलियुगात नामासारखे साधन नाही. यज्ञ नको, कठोर तप नको, मुखी नाम असावे. नानकदेवांच्या उपदेशाचा पायाही नामस्मरणच. आणि नाम तरी कोणते? हरी, राम, गोविंद, माधव ही आपल्या देवघरातली नावे त्या ग्रंथात पानोपानी आढळतात. त्यांच्या बरोबरीने अल्ला आणि रहीमही येतात. कीर्तन हेही दोघांचे समान धन. आमच्याकडे मृदुंग-टाळ, त्यांच्याकडे रबाब आणि तबला. पण देवापुढे गावे, ऐकावे आणि ऐकता ऐकता माणसाने निवळावे, ही कल्पना तीच. कर्माचे फळ, पुनर्जन्म, मायेचा पडदा, मुक्ती, हे शब्दही दोन्ही घरांत वापरात आहेत. फक्त शीख विचारात कर्माच्या हिशेबापेक्षा परमेश्वराचा ‘हुकूम’ आणि त्याची कृपादृष्टी यांना अधिक मान आहे. माणसाला बांधून ठेवतो तो त्याचा मीपणा. तो गळाला की हुकूम कळतो, असे ते म्हणतात.

दुसरी मिळणी संसाराची. ग्रंथसाहिबात कबीरांनी नामदेव आणि त्रिलोचन यांचा एक संवाद सांगितला आहे. त्रिलोचन विचारतात, अरे नामा, तू हे कापडावर छापे मारीत काय बसलास? देवाचे नाव केव्हा घेणार? नामदेव उत्तर देतात की हातपायांनी काम करावे, मुखाने नाम घ्यावे आणि चित्त देवापाशी ठेवावे. हे ऐकताना आपल्याला मळ्यात भाजी पिकवणारे सावता माळी आठवत नाहीत काय? माती तुडवणारे गोरोबा आठवत नाहीत काय? घाम गाळून मिळवावे, नाम जपावे आणि मिळवलेले वाटून खावे, ही शीख जीवनाची तीन सूत्रे होत. संन्याशाची भगवी वस्त्रे त्यांनी आदर्श मानली नाहीत. हिंदू धर्मात संन्यासाला फार मोठी जागा आहे हे खरे. पण नामदेव-सावत्यांच्या वाटेने जाणाऱ्या मराठी माणसाला हे सूत्र परके वाटणार नाही.

इथवर दोघे हातात हात घालून आले. आता वाट फुटते.

पहिला फाटा देवाच्या रूपाचा. शिखांच्या मूलमंत्राचा अर्थ असा की परमेश्वर एक आहे, सत्य हेच त्याचे नाव, तो कर्ता आहे, त्याला भय नाही, वैर नाही, काळ नाही. तो कोणाच्या पोटी जन्म घेत नाही. तो स्वयंभू आहे आणि गुरुकृपेने कळतो. यांतले ‘जन्म घेत नाही’ हे शब्द महत्त्वाचे. जो जन्मच घेत नाही त्याचा अवतार कसा मानावा? म्हणून राम आणि कृष्ण ही नावे त्या ग्रंथात आली तरी ती त्या एका निराकाराची नावे म्हणून आली. दशरथाचा पुत्र किंवा देवकीचा बाळ म्हणून त्यांची पूजा शीख करीत नाहीत. मूर्ती नाही, म्हणून मूर्तीला नैवेद्य, न्हाऊ घालणे, पालखी, हे काही नाही.

हिंदू धर्माचे तसे नाही. त्याला एक संस्थापक नाही, एक ग्रंथ नाही, देवाविषयी एकच मत नाही. निर्गुण ब्रह्म मानणारा वेदान्ती हिंदू, आणि अंबाबाईची ओटी भरणारी, जोतिबाच्या डोंगरावर गुलाल उधळणारी आमची माणसेही हिंदूच. ‘सगुण की निर्गुण?’ असे विचारले तर हिंदू माणूस बहुधा ‘दोन्ही’ म्हणतो. ज्ञानदेवांनी ‘दोन्ही’ म्हटले. नामदेवांनीही म्हटले. शीख धर्माने मात्र या दोहोंपैकी एकाची निवड केली. ही निवड म्हणजेच त्याचे वेगळेपण.

गंमत अशी की नामदेवांची पदे निवडताना शीख गुरूंनी त्यांचे बालपण पुसून टाकले नाही. लहानग्या नामाने देवापुढे दूध ठेवले आणि देव ते प्यायला, ही आपण मुलांना सांगतो ती गोष्ट ग्रंथसाहिबातल्या एका पदातही आहे. शीख भाष्यकार म्हणतात की ही सुरुवातीची पायरी. पुढे नामदेव निराकाराला पोहोचले. दुसऱ्या एका पदात नामदेव विचारतात की एका दगडाला आपण भावाने हात जोडतो आणि दुसऱ्यावर खुशाल पाय ठेवतो, हे कसे? एकात देव असेल तर दुसऱ्यातही असला पाहिजे. हा प्रश्न विचारणाऱ्याने, आपल्या परंपरेप्रमाणे, शेवटी स्वतःसाठी कोणता दगड निवडला? गाभाऱ्यातला नव्हे, महाद्वाराची पायरी. देवदर्शनाला जाणाऱ्यांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी म्हणून तो भक्त पायरी होऊन राहिला. शीख माणूस नामदेवांचा तो प्रश्न जवळ करतो, वारकरी ती पायरी जवळ करतो. मला तर प्रश्न आणि पायरी यांत विरोध दिसत नाही.

दुसरा फाटा गुरूचा. विसोबा खेचर हे नामदेवांचे गुरू. ते शिवलिंगावर पाय ठेवून निजले होते. नामदेवांनी हटकले तेव्हा ते म्हणाले, जेथे देव नाही तेथे माझे पाय नेऊन ठेव. नामदेवांनी पाय उचलून जिकडे ठेवावेत तिकडे लिंग प्रकट होई. नानकदेवांच्या चरित्रात हीच कथा मक्केत घडते. ते काब्याकडे पाय करून निजले आणि कोणी रागावला, तेव्हा ते म्हणाले, जिकडे ईश्वर नाही तिकडे माझे पाय फिरव. एकच शिकवण शिंप्याच्या पोराला शिवालयात मिळाली आणि हाजींना मक्केत!

परंतु पुढे गुरूची कल्पना दोन वाटांनी गेली. आपल्याकडे गुरू अनंत आहेत. प्रत्येक संप्रदायाचा वेगळा, कधी प्रत्येक घराण्याचा वेगळा. शिखांनी नानकदेवांपासून गोविंदसिंगांपर्यंत दहा गुरू मानले, आणि एकाच ज्योतीने दहा दिवे लागले असे म्हटले. दहाव्या गुरूंनी ही मालिका जेथे थांबवली ते स्थळ आपल्याच महाराष्ट्रात आहे. गुरू गोविंदसिंग बहादूरशहाच्या लष्कराबरोबर दक्षिणेत उतरले आणि गोदावरीकाठी नांदेडला राहिले. तेथेच माधोदास नावाचा बैरागी त्यांचा शिष्य झाला; तोच पुढे बंदा सिंग बहादूर म्हणून इतिहासात गाजला. १७०८ सालच्या ऑक्टोबरात गुरूंनी नांदेडला देह ठेवला. आपल्यामागे कोणी देहधारी गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू, असे त्यांनी शिष्यांना सांगितले. तेव्हापासून तो ग्रंथ ‘गुरू ग्रंथसाहिब’ झाला.

आज कोणत्याही गुरुद्वारात पाहा. पहाटे ग्रंथ चांदव्याखाली उघडतात, त्यावर चवरी ढाळतात आणि रात्री त्याला सन्मानाने विश्रांतीस नेतात. पंढरीची काकडआरती आणि शेजारती ज्याने पाहिली आहे त्याला हे ओळखीचे वाटते. तथापि शीख माणूस निक्षून सांगेल की ही ग्रंथाची मूर्तिपूजा नव्हे. हा शब्दाचा मान आहे. त्याचे म्हणणे आपण मानावे. आपल्याकडेही ज्ञानेश्वरीला माउली म्हणतातच की. फरक एवढाच की ज्ञानेश्वरी वंदनीय असली तरी तिच्या पलीकडे विठोबा उभा आहे. तेथे ग्रंथाच्या पलीकडे दुसरी मूर्ती नाही.

तिसरा फाटा अधिकाराचा. कोणता मंत्र कोणी म्हणावा, कोणी ऐकावा? या प्रश्नाचा चटका कोल्हापुराइतका दुसऱ्या कोणत्या गावाला बसला असेल? एकोणिसावे शतक संपता संपता, याच कार्तिक महिन्यात, शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला जात असताना त्यांच्यासाठी वेदोक्त नव्हे, पुराणोक्त मंत्र म्हटले जात असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. क्षत्रियांच्या राजालाही वेदमंत्राचा अधिकार नाही! त्यातून उठलेल्या वेदोक्त प्रकरणाने पुढे सारा महाराष्ट्र ढवळून काढला. शीख धर्मात हा प्रश्नच उद्भवत नाही. ग्रंथ लोकभाषेत आहे. तो कोणत्याही जातीच्या पुरुषाने किंवा स्त्रीने वाचावा. पुरोहितांची जात नाही, जानव्याचा संस्कार नाही. लहानपणी नानकदेवांनी जानवे नाकारले, ही तिकडे घरोघर सांगितली जाणारी गोष्ट.

आणि मग सर्वांत मोठा प्रश्न येतो, पंगतीचा. नामदेवांना खालच्या जातीचे म्हणून देवळातून उठवले. ते मागल्या बाजूला जाऊन कीर्तन करू लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. आपण ही कथा औंढा नागनाथाची म्हणून सांगतो. ग्रंथसाहिबात नामदेवांनी ती स्वतःच्या मुखाने सांगितली आहे. शीख गुरूंनी हे पद निवडले ते सहज निवडले नाही. ज्या घरात नामदेवांना बसावयास जागा नव्हती तसे घर आपण बांधावयाचे नाही, हा त्यामागचा निश्चय होता. म्हणून लंगर निघाला. तिसरे गुरू अमरदास म्हणत की आधी पंगत, मग संगत; भेटावयाचे असेल तर आधी सर्वांबरोबर जमिनीवर बसून जेवा. बादशहा अकबरही त्या पंगतीला बसला, असे सांगतात. अमृतसरच्या हरिमंदिराला चार दिशांना चार दारे आहेत.

१६९९ सालच्या वैशाखीला आनंदपूर येथे गुरू गोविंदसिंगांनी खालसा स्थापला. तेव्हा शिर द्यावयास पुढे आलेले पाच जण कोण होते? लाहोरचा खत्री, हस्तिनापूरचा जाट, जगन्नाथपुरीचा पाणक्या, द्वारकेचा छिंबा आणि बीदरचा न्हावी. छिंबा म्हणजे कापड शिवणारा-छापणारा, नामदेवांच्याच धंद्याचा. बीदर तर आपल्या दारातले. पाचांनी एकाच पात्रातले अमृत घेतले, आणि मग गुरूंनी स्वतः त्यांच्या हातून घेतले. पुरुषांना ‘सिंग’, स्त्रियांना ‘कौर’ असे एकच नाव मिळाले. केस, कंगवा, कडे, कच्छ आणि कृपाण ही एकच खूण मिळाली.

आमच्या वारकऱ्यांनी समता सांगितली नाही काय? सांगितली. चंद्रभागेच्या वाळवंटात सारे एकमेकांच्या पाया पडत. काल्याच्या दिवशी एकमेकांच्या मुखी घास घालीत. मंगळवेढ्याला भिंत कोसळून चोखोबा गेले तेव्हा त्यांच्या अस्थी नामदेवांनी वेचून आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, असे सांगतात. पण समाधी बांधली ती दाराबाहेर. वाळवंटातली समता पायरी चढून वर गेली नाही, आणि यात्रा संपली की गावाकडेही आली नाही. वारकऱ्यांची समता भावात राहिली. शिखांनी तिला रोजचे स्वयंपाकघर दिले.

येथे थांबलो तर एका घराची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा केल्यासारखे होईल. इतिहास असा एकतर्फी नसतो. जात ही चिवट वस्तू आहे. ती अमृताच्या पात्रातही उतरली. पंजाबच्या खेड्यांत दलित शिखांची वस्ती वेगळी, कित्येक ठिकाणी गुरुद्वाराही वेगळा. खुद्द हरिमंदिरात १२ ऑक्टोबर १९२० रोजी, खालच्या मानलेल्या जातींतून नुकतेच अमृत घेतलेले लोक कढाप्रसाद घेऊन आले, तेव्हा तेथील पुजाऱ्यांनी तो स्वीकारावयास नकार दिला. वाद वाढला. शेवटी असे ठरले की ग्रंथसाहिब उघडावा आणि जे पद येईल त्याने निर्णय करावा. ग्रंथ उघडला, आणि पद आले ते त्या आलेल्या लोकांच्या बाजूचे! प्रसाद स्वीकारावा लागला. त्या दिवसातून अकाली चळवळ उभी राहिली, शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती निघाली आणि १९२५ साली गुरुद्वारांचा कायदा झाला.

त्याच १९२० सालच्या मार्चमध्ये, २१ आणि २२ तारखांना, कोल्हापूर संस्थानातल्या माणगावला डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद भरली होती. शाहू महाराज स्वतः तेथे गेले आणि तुम्हांला तुमचा पुढारी मिळाला, असे त्यांनी लोकांना सांगितले. गंगाराम कांबळे या अस्पृश्य माणसाला महाराजांनी कोल्हापुरात चहाचे दुकान काढून दिले, आणि ते स्वतः तेथे जाऊन चहा घेत. राजा पितो म्हटल्यावर बरोबरच्या मंडळींनाही प्यावा लागे! तो चहा म्हणजे आमच्या कोल्हापूरचा लंगर होता, असे मी म्हटले तर अतिशयोक्ती होईल काय?

पंढरीची पायरी मात्र उघडावयाची राहिली होती. त्यासाठी साने गुरुजींना १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषण करावे लागले. दहाव्या दिवशी, १० मे रोजी ते सुटले आणि चोखोबांच्या लेकरांना विठोबाचे दार मोकळे झाले. नामदेवांनी त्या दारात पायरी होऊन पडल्याला तोवर जवळजवळ सहाशे वर्षे झाली होती. अमृतसरला ग्रंथाने निवाडा दिला. पंढरपूरला एका माणसाने आपला प्राण पणाला लावला. हाही दोन धर्मांतला फरकच आहे. जेथे एकच ग्रंथ प्रमाण, तेथे त्याच्यापुढे दाद मागता येते. जेथे प्रमाणे अनेक, तेथे प्रत्येक पिढीत कोणा तरी जिवंत माणसाला उभे राहावे लागते.

या विलंबाची किंमत आपण दिली. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला डॉ. आंबेडकरांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. पुढील वर्षी त्यांनी शीख धर्माचा गंभीरपणे विचार केला. अमृतसरच्या शीख परिषदेलाही ते गेले. १९३७ साली मुंबईत माटुंग्याला खालसा कॉलेज निघाले ते याच दिवसांत. अखेरीस १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी बुद्धाची वाट धरली. पण एवढा मोठा माणूस धर्म शोधावयास निघाला असता त्याची नजर नानकांच्या घराकडे वळली, ती त्या घरातली पंगत पाहूनच, असे मला वाटते.

मग उत्तर काय? दोन धर्म की एक? शिखांनी आपले उत्तर स्वतःच दिलेले आहे. भाई काहनसिंग नाभा यांनी १८९८ साली पुस्तक लिहून, आम्ही हिंदू नाही, असे स्पष्ट सांगितले. १९०५ साली हरिमंदिराच्या परिसरातील मूर्ती काढण्यात आल्या. १९०९ साली त्यांच्या आनंदविवाहाला कायद्याची मान्यता मिळाली. आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमात मात्र, हिंदूंची सार्वजनिक मंदिरे सर्व थरांतील लोकांना खुली करण्याच्या संदर्भात, ‘हिंदू’ या शब्दात शीख, जैन आणि बौद्ध यांचा समावेश केला आहे. त्याच कलमात शिखांच्या कृपाणालाही वेगळे संरक्षण आहे. म्हणजे घटनेलाही हे नाते एका शब्दात सांगता आले नाही!

मला वाटते, धर्म कोणता हे ज्याचे त्याने सांगावे, शेजाऱ्याने सांगू नये. शीख धर्म हा स्वतंत्र धर्म आहे. त्याचा देव निराकार, त्याचा गुरू ग्रंथ, त्याची दीक्षा खालशाची. पण स्वतंत्र घर म्हणजे नाते तुटलेले घर नव्हे. नांदेडच्या सचखंड हजूरसाहिबात आजही दिव्यांनी आरती होते; दिवाळीच्या आधी गोदावरीचे पाणी आणून तख्ताला आणि गुरूंच्या शस्त्रांना स्नान घालतात. पंजाबात सर्वत्र दिसणार नाहीत अशा या चाली दख्खनच्या मातीत टिकल्या आहेत. मराठी बोलणाऱ्या दख्खनी शिखांना त्यात काही विपरीत वाटत नाही.

२०१५ सालच्या एप्रिलमध्ये अठ्ठ्याऐंशीवे मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले. सदानंद मोरे अध्यक्ष होते. महाराष्ट्रातून गाड्या भरभरून माणसे त्या दूरच्या खेड्यात गेली आणि तेथील शीख कुटुंबांनी त्यांना ‘बाबा नामदेवांच्या गावची माणसे’ म्हणून जेवू घातले. सातशे वर्षांपूर्वी एक शिंपी तेथे गेला होता. त्याच्याजवळ ना फौज होती, ना फर्मान. त्याने विठ्ठलाचे नाव नेले, आणि त्या लोकांनी ते आपल्या गुरूच्या ग्रंथात ठेवले.

यंदा एकादशीला नामदेवांच्या पायरीवर डोके ठेवणाऱ्यांनी पौर्णिमेला नानकदेवांचेही स्मरण करावे. देव मूर्तीत पाहावा की निराकार म्हणावा, यावर दोन घरांचे एकमत व्हावे असा आग्रह कोणी धरू नये. परंतु देवळाच्या मागे बसलेल्याकडे देऊळ फिरते, हे दोन्ही घरांनी लिहून ठेवले आहे. ज्याला आपण उठवून लावले तो मागे कोठे बसला आहे, एवढे मात्र दोघांनीही अधूनमधून वळून पाहावे.